कधीच न भरणारी टाकी

प्रश्न : लांजा तालुक्यात सड्याच्या (कातळी पठाराच्या) उतारावरील वडिलोपार्जित जागेत आम्ही घर बांधायला घेतले आहे. पायाच्या चरात तीन बाजूंना २ फुटांवर जांभा हा तांबडा दगड लागला. उताराकडच्या चौथ्या कोपऱ्यात मात्र पांढरट-पिवळी, हाताला साबणासारखी लागणारी माती निघाली. कातळ लागला म्हणजे काळजी नको, असे गवंडी म्हणतात. सेप्टिक टाकी विहिरीपासून ४० फुटांवर आखली आहे. तिचा तळ बांधू नका, असे शेजारी सुचवतात. त्यांची टाकी २० वर्षांत एकदाही उपसावी लागलेली नाही. खोदाईची माती परसात पसरून तेथे हापूसची चार कलमे लावावीत, असा विचार आहे. आपले मत कळवावे.

उत्तर : आपल्या सगळ्या शंकांचे उत्तर त्या चौथ्या कोपऱ्यातील मातीत आहे. ती शेडी. कोकणच्या पावसाने खडकातील सिलिका युगानुयुगे धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले आणि त्यांचा वर जांभा झाला. त्याच्या खाली चिकण शेडी राहिली. जांभा चाळणीसारखा सच्छिद्र, तर शेडी पाणी जवळजवळ अडवूनच धरते. त्यामुळे वर पडलेले पाणी जांभ्यातून झपाट्याने उतरते, शेडीवर थबकते आणि तिच्या उतारावरून आडवे वाहू लागते. आपल्याकडचे झरे आणि कित्येक विहिरींचे पाणी याच सांध्यातून येते.

आता पायाचे पाहू. शेडी वैशाखात पहार लागणार नाही इतकी टणक भासते आणि आषाढात लोण्यासारखी होते. घराच्या तीन बाजू कातळावर आणि एक कोपरा शेडीवर राहिला, तर तेवढाच कोपरा खचून भिंतीला तिरके तडे जाण्याचा धोका आहे. तेव्हा त्या बाजूला ८-१० फुटांपर्यंत चाचणीखड्डा घेऊन स्थापत्य अभियंत्याला दाखवावा. पाया तेथे किती रुंद किंवा खोल न्यायचा, हे त्याने ठरवावे आणि जोत्याला चारही बाजूंनी आरसीसीचा पट्टा घ्यावा. पागोळीचे पाणी पायाशी न मुरवता पक्क्या गटाराने दूर न्यावे. माझ्या मते या एका गोष्टीकडे कोकणात जितके दुर्लक्ष होते, तितके दुसऱ्या कशाकडेही होत नाही. जांभ्याचे चिरे खाणीतून नुकतेच आलेले असतील, तर काही काळ उघड्यावर राहू द्यावेत; हवा लागून ते टणक होतात. (ब्रिटिश सर्वेक्षक फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये या दगडाला ‘लॅटेराइट’ म्हटले, ते लॅटिनमधील विटेच्या शब्दावरून, मलबारात लोक तो विटेसारखा कापून वापरताना त्यांनी पाहिले होते.)

शेजाऱ्यांच्या टाकीविषयी मात्र स्पष्टच लिहितो. जी टाकी २० वर्षांत भरत नाही, ती चांगली चाललेली नसून गळत आहे, असेच धरून चालावे. मैला कुजून कितीही कमी झाला तरी गाळ साचतोच. तो कोठे दिसत नसेल, तर बहुधा जांभ्याच्या भोकांतून निसटून शेडीवरून कोणाच्या तरी विहिरीकडे चालला आहे. मातीतून सावकाश झिरपताना सांडपाणी गाळले जाते, भोकांतून धावताना गाळले जात नाही. म्हणून टाकीचा तळ आणि भिंती आतून गुळगुळीत गिलावा करून पूर्ण बंद असाव्यात. उघड्या चिऱ्यांची टाकी पाणी धरत नाही. भारतीय मानकाप्रमाणे टाकीतून बाहेर पडणारे पाणी मुरवण्याची जागा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट, आणि राहत्या घरापासून ६ मीटर दूर हवी. जांभ्यात हे अंतर मी किमानच मानतो. जागा विहिरीच्या उताराकडच्या अंगाला, शक्य तितकी लांब घ्यावी. खोल शोषखड्ड्याऐवजी वरच्या मातीच्या थरात उथळ, लांब चर खणून त्यावर कर्दळ लावणे अधिक सुरक्षित. विहिरीचे पाणी पावसाळ्यात एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय जंतू एकही आढळता कामा नये.

कलमांसाठी शेडी पसरू नये. तिच्यात मुळांना हवा मिळत नाही आणि पोषणही फारसे नाही. १ मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डे तांबड्या मातीने व शेणखताने भरावेत. कलमांत १० मीटर अंतर हवे, तेव्हा परस लहान असल्यास दोनच लावावीत. आपली माती आम्ल असून तिच्यातील लोह स्फुरद बांधून ठेवते, म्हणून सुपर फॉस्फेट वरून न फेकता खड्ड्यातच मिसळावे. खड्डा अखंड कातळात असेल, तर त्यात आधी पाणी भरून पाहावे. दुसऱ्या दिवशीही ते तसेच राहिले, तर उताराकडून वाट फोडल्याशिवाय कलम लावू नये.

प्रश्न : गुहागरला पुळणीलगत (समुद्रकाठच्या वाळूलगत) घर आहे. नवी टाकी करायची आहे आणि वाळू तर अंगणातच आहे. ती बांधकामाला चालेल का?

उत्तर : चालणार नाही. तिच्यातील मीठ काँक्रीटमधील सळई गंजवते. पुळणीत पावसाळ्यात भूजल बरेच वर येते, तेव्हा रिकामी टाकी, विशेषतः प्लास्टिकची, खालून उचलली जाऊ शकते. ती तळाच्या काँक्रीटला जखडून घ्यावी, उपसा एप्रिल-मेमध्येच करावा आणि उपसल्याबरोबर टाकीत पाणी भरून ठेवावे.