सहीच्या आधीचं काम

परराष्ट्र सेवेत जायचं आहे, पण 'दोन देशांमध्ये शाश्वत विकासाची भागीदारी उभी करणं' म्हणजे अधिकारी रोज नेमकं काय करतो, की मंत्र्यांच्या सह्या होताना मागं उभं राहायचं एवढंच, असं तू विचारलं आहेस. शिवाय सेवेत गेल्यावर परदेशी भाषा कोणती घ्यावी, हेही. वयानं लहान आहेस म्हणून अरे-तुरे करते. मी स्वतः त्या सेवेत नव्हते. पुण्यात जर्मन शिकले आणि पंचवीसेक वर्षं दुभाषी म्हणून काम केलं. टेबलाच्या दोन्ही बाजू ऐकायला मिळाल्या, त्या बळावर लिहिते.

जे जवळून पाहिलं तेच उदाहरण घेते: महाराष्ट्रातला भारत-जर्मनी पाणलोट विकास कार्यक्रम. प्रत्यक्ष काम १९९२ मध्ये सुरू झालं. कल्पनेमागं होते फादर हर्मन बाखर, मूळचे स्विस, पण नगर जिल्ह्यात कित्येक दशकं काम केलेले. पैसा जर्मन सरकारचा. तो केएफडब्ल्यू या त्यांच्या विकास बँकेकडून नाबार्ड या आपल्या शेती-ग्रामविकासाच्या बँकेकडे यायचा आणि तिथून गावाची पाणलोट समिती आणि स्वयंसेवी संस्था यांच्या संयुक्त खात्यात. गावाला आधी तयार करायचं, त्या टप्प्याला जीटीझेड या जर्मन सरकारच्या तांत्रिक सहकार्य संस्थेची मदत. काम माथ्यापासून पायथ्याकडे: वर समतल चर आणि झाडं, मग बांधबंदिस्ती, सगळ्यात शेवटी ओढ्यावर नालाबांध. अटी तीन तर पक्क्या: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान.

संगमनेर तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या देवळापुढं सभा होती. दिल्लीच्या जर्मन दूतावासातून आर्थिक सहकार्याचं काम बघणारा अधिकारी आला होता. त्यांच्या कागदात एक शब्द होता, 'आयगेनलाइस्टुंग'. मी त्याचं मराठी केलं, "तुमचा वाटा". सभा एकदम गप्प झाली. दोन माणसं उठून गेली. लोकांना वाटलं, रोख पैसे मागतायत. चूक माझी होती. संस्थेचा एक कार्यकर्ता पटकन म्हणाला, "अहो, श्रमदान!" मग माणसं सैल झाली आणि मलाही हायसं वाटलं. पण मागं बसलेल्या एक आजी बोलल्या, "दान ज्याच्यापाशी असतं तो देतो. माझा रोज बुडणार, त्याला दान म्हणायचं व्हय? आन् डोंगर बंद केला तर शेळ्या कुठं न्यायच्या?"

मी हे शब्दन् शब्द जर्मनमध्ये सांगितलं. 'लाइस्टुंग' म्हणजे करारानं बांधलेली, मोजता येणारी, पुरी करायलाच हवी अशी कामगिरी. 'दान' म्हणजे स्वेच्छेनं, पुण्याच्या भावनेनं दिलेलं. एकाच ओळीत जर्मन माणूस बंधन वाचत होता आणि आमचा माणूस औदार्य. उद्या काम अडलं असतं तर दोघांनी एकमेकांना लबाड ठरवलं असतं, आणि दोघंही आपापल्या भाषेत खरे असते.

परत निघालो तेव्हा तो अधिकारी नगर येईपर्यंत मला प्रश्न विचारत होता. विहिरी कोणाच्या? खाली ओल वाढली तर फायदा कोणाला? डोंगरावर कोणाची जनावरं चरतात? पाणी अडलं की विहिरीवाल्याचं भलं लवकर होतं आणि डोंगर बंद झाला की शेळ्यावाल्याचं नुकसान त्याच दिवशी होतं, हे त्याला गाडीतच उमगलं. स्वतः निर्णय घ्यायचा अधिकार त्याच्याकडं नव्हता. पण पुढचे काही महिने त्यानं त्या आजींचा प्रश्न दिल्लीत आणि जर्मनीत फिरवला: बँकेपुढं काम फसण्याचा धोका म्हणून, मंत्रालयापुढं धोरणाचा मुद्दा म्हणून, संस्थेपुढं वेळापत्रक म्हणून. त्या गावात शेवटी डोंगर एकदम बंद झाला नाही. तुकड्या-तुकड्यानं बंद झाला आणि गवत कापून घरी नेण्याची मुभा राहिली.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर खरं तर एवढंच आहे. सहीआधी दोन्ही बाजूंना शब्दाचा एकच अर्थ लागतोय ना, आणि त्या अर्थाचं ओझं शेवटी कोणाच्या डोक्यावर पडतंय, हे बघणं. बाकीचं बरंचसं या कामाची व्यवस्था असते.

'शाश्वत' हाच शब्द घे. जर्मनमध्ये त्याला 'नाखहाल्टिश' म्हणतात, आणि त्याचं मूळ जंगलात आहे. सॅक्सनीतल्या चांदीच्या खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड पुरेना, तेव्हा हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ या खाण-अधिकाऱ्यानं १७१३ मध्ये मांडलं की जेवढं वाढतं तेवढंच तोडा. तिथं हा शब्द हिशोबाचा आहे. आपल्याकडे शाश्वत म्हणजे जे कधी नष्ट होत नाही ते, आत्मा वगैरे. त्यामुळं आपल्या भाषणांत तो फार उंचावर जाऊन बसतो. मी गावात नेहमी "पुरवून वापरणं" म्हणायचे. बायकांना ते लगेच कळायचं.

आता व्यवस्थेबद्दल थोडं, कारण क्लासमध्ये यावर पुरेसा वेळ देत नाहीत असं दिसतं. आपल्या राजदूताच्या हातात पैशाची थैली नसते. परदेशी विकासमदतीचे करार भारताच्या बाजूनं अर्थ मंत्रालयाचा आर्थिक व्यवहार विभाग करतो. जर्मनीत धोरण त्यांच्या विकास मंत्रालयाचं, पैसा केएफडब्ल्यूचा, तज्ज्ञ माणसं जीआयझेडची (२०११ पर्यंतचं जीटीझेड त्यातच विलीन झालं). कुठली अडचण कोणाच्या टेबलावर न्यायची, हे कळायलाच नव्या अधिकाऱ्याला वर्ष लागतं. चुकीच्या दारावर सहा महिने थांबलेली कामं मी पाहिली आहेत.

शिवाय राजकारणाचं हवामान असतंच. १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्या झाल्या आणि जर्मनीनं नव्या विकासमदतीची बोलणी थांबवली. २००३ मध्ये भारतानंच ठरवलं की द्विपक्षीय मदत मोजक्या देशांकडूनच घ्यायची. जर्मनी त्या यादीत राहिला, बरेच छोटे देणारे देश बाहेर गेले. वरच्या पातळीवर दारं आपटत असताना खालचं चालू काम मोडू न देणं हे याच लोकांचं कौशल्य, आणि ते वर्तमानपत्रात येत नाही. पाणलोटाच्या बाबतीत तर भागीदारीतला अनुभव आपल्या घरात मुरला: १९९९-२००० च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेला नाबार्डचा २०० कोटींचा पाणलोट विकास निधी महाराष्ट्रातल्या या कामाच्या आधारावर उभा राहिला. भागीदारी यशस्वी झाली की नाही हे मी यावरून ठरवते. पाहुणा गेल्यावर रीत घरात राहिली का?

हल्लीचे आकडे मोठे आहेत. २ मे २०२२ ला बर्लिनमध्ये मोदी आणि जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सलर शोल्त्स यांनी हरित आणि शाश्वत विकासाच्या भागीदारीवर सह्या केल्या आणि जर्मनीनं २०३० पर्यंत किमान १,००० कोटी युरोंचं उद्दिष्ट ठेवलं. त्यातली मोठी रक्कम कर्जाच्या रूपात आहे, अनुदान कमी, हे लक्षात ठेव. मुलाखतीत बरेच जण सरसकट 'मदत' म्हणतात. आपल्याकडे याआधीच धुळे जिल्ह्यात साक्रीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आणि नागपूर मेट्रो (५० कोटी युरो) केएफडब्ल्यूच्या कर्जावर झाले. हे प्रकल्प मला हवेतच. पण मेगावॅट मोजणं सोपं आहे. पॅनेलखाली गेलेल्या माळावर पूर्वी कोण मेंढरं चारायचं, हे विचारायला कोणीतरी जावं लागतं. तो माणूस तू व्हावास असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढं लिहितेय.

राहिली भाषा. सेवेत आल्यावर एक परदेशी भाषा शिकावीच लागते, जर्मन हा त्यातला एक पर्याय. मिळाली तर जरूर घे. पण शिकताना मंत्रालयाच्या निवेदनांबरोबर तिथल्या शेतकऱ्यांची, नगरपालिकेच्या सभांची भाषाही ऐक. आणि परीक्षेच्या आधी आठवडाभर सवड असेल तर संगमनेर-पारनेर भागात मे महिन्यात जाऊन ये. काम झालेला एक डोंगर आणि न झालेला एक, दोन्ही चढ. पाणलोट समितीत होती ती माणसं आता साठी-सत्तरीची असतील. त्यांना विचार की अटी पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा काय वाटलं होतं. जेवायला थांबवतील, तर थांब.