वाचक विचारतात: कोडने दिलेले पैसे परत मिळतात का?

प्रश्न: निपाणीजवळ आमची गुळाची अडत आहे. मुलाने कोल्हापूरच्या व्यापाऱ्याशी ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामायिक नोंदवहीवर) स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे आपोआप चालणारा कोड, केलं. ढेपा नोंदल्या की आमचे पैसे त्यांच्याकडे आपोआप जातात. त्यांच्या माणसाने ४० ऐवजी ४०० ढेपा नोंदल्या आणि पैसे गेले. व्यापारी म्हणतो, ‘कोड हाच करार.’ खरं का?

उत्तर: नाही, काका. कोड हे करार पार पाडायचं साधन. करार ठरतो तो १८७२ च्या करार कायद्याने: मुक्त संमती, कायदेशीर मोबदला. आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याचं कलम १०-अ एवढंच सांगतं, की केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून करार फेटाळता येणार नाही.

तुमच्या कामाचं आहे करार कायद्याचं कलम ७२. चुकून आलेले पैसे घेणाऱ्याने परत केलेच पाहिजेत. ब्लॉकचेनवरची नोंद पुसता येत नाही, हे खरं. पण कोर्टाला ती पुसायचीच नसते, ते त्या माणसाला पैसे परत करायला लावतं. हा फरक मुलाला नीट समजावा, तो खचला असेल.

काट्याची चिठ्ठी, गाडीची पावती, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आजच बाजूला काढा. डिजिटल नोंदीला साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. निपाणी कर्नाटकात येते, म्हणून मराठी चिठ्ठ्यांचं कन्नड भाषांतरही सोबत ठेवा. दावा करायची मुदत साधारण ३ वर्षं, पण नोटीस याच आठवड्यात पाठवा.