आठ मिनिटं नुसती उभी राहा

पोरी,

तुझा मेसेज सकाळी वाचला. "काका, सतराव्या वर्षी शंभर मीटरला 12.2 सेकंद होतं, आता 12.41 लागतंय. दोन वर्षं मागेच चाललेय. सर बदलू का?" पाठवलास रात्री पावणेबाराला. पहाटेची विरार लोकल पकडणारी मुलगी पावणेबाराला जागी कशाला असते, ते आधी सांग. असो, त्यावर पुढे बोलूच.

आधी हिशेब दुरुस्त करू. ते 12.2 जिल्हा स्पर्धेतलं, हातातल्या घड्याळावरचं. पिस्तुलाचा धूर दिसल्यावर घड्याळ धरणाऱ्याचं बोट दाबलं जाईपर्यंत वेळ जातोच. म्हणून शंभर मीटरच्या अशा वेळेत 0.24 मिळवतात आणि मगच ती इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडतात. तुझं 12.2 म्हणजे 12.44. मागचा वारा तिथे कुणी मोजलाही नसेल. तेव्हा तू मागे गेलेली नाहीस, होतीस तिथेच आहेस. ही आनंदाची बातमी नाही, पण रडायचं तर खऱ्या आकड्यावर रड.

परवा प्रियदर्शिनी पार्कात मी बाकावर बसलो होतो, तुला दिसलो नाही. तू दीडशे मीटरचे सहा मारलेस, मध्ये दोन-दोन मिनिटं. पहिला माझ्या घड्याळावर 19.8. सहावा 23.1. सहाव्यानंतर तू गुडघ्यांवर हात ठेवून वाकलीस, सर "शाब्बास" म्हणाले आणि तुझ्या चेहऱ्यावर समाधान आलं. त्या समाधानासाठीच हे पत्र लिहितोय. शेवटच्या तीन धावांत तू हळू पळायचा सराव केलास, आणि फार मन लावून केलास.

चौदा ते सतरा या वयात टायमिंग खाली येतं ते पुष्कळसं फुकट असतं. उंची वाढते, पायात ताकद येते, काहीही केलं तरी घड्याळ खूश. त्या वर्षांत प्रत्येक कोच थोर असतो. नंतर शरीर म्हणतं, माझं देऊन झालं, आता तू शिक. आणि शिकायचं असतं ते मज्जासंस्थेने. चांगल्या स्प्रिंटरचा पाय पूर्ण वेगात असताना जमिनीवर सेकंदाचा जेमतेम दहावा भाग टेकतो. तेवढ्यात सगळं काम उरकायचं. दमलेल्या पायाला ते जमत नाही, तो जास्त वेळ टेकतो. असे हजार टेकलेले पाय तू दर आठवड्याला शरीराला शिकवतेस आणि स्पर्धेत शरीर तेच म्हणून दाखवतं, पाढ्यासारखं. सोव्हिएत प्रशिक्षक याला वेगाची भिंत म्हणायचे. एकाच वेगाने पळत राहिलीस की तो वेग अंगात गोठतो. ही भिंत जास्त मेहनतीने फुटत नाही. जास्त मेहनतीनेच ती बांधली गेलेली असते.

म्हणून एकच सांगतो: पूर्ण विसावा, मगच पूर्ण वेग.

दहा मीटर पूर्ण वेगाने पळलीस तर साधारण एक मिनिट थांबायचं, हा जुना अंदाज. साठ मीटरला सहा मिनिटं. तुझ्यासारख्या उतावळीला मी आठ सांगतो. पूर्ण वेगासाठी स्नायूंत जो झटपट इंधनाचा साठा असतो, त्यातला निम्मा अर्ध्या मिनिटात परत भरतो. फसगत इथेच होते. श्वास जागेवर आला, बरं वाटलं, की आपण निघालो. उरलेला निम्मा भरायला कित्येक मिनिटं लागतात आणि मज्जासंस्था तर त्याहून सावकाश उठते. असा पूर्ण वेगाचा सराव आठवड्यात दोनदा, फार तर तीनदा, मध्ये अठ्ठेचाळीस तास. एका दिवसात असं पळणं सगळं मिळून तीनशे-चारशे मीटर झालं तरी पुष्कळ. मधल्या दिवशी गवतावर हलकं पळ, गप्पा मारत. चौथी धाव तिसरीपेक्षा ढेपाळली तर स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, काढायचे आणि घरी जायचं.

घरी जायचं! हे वाचून तुला कसंसं झालं असेल. मला ठाऊक आहे, कारण मलाही व्हायचं.

मी लालबागचा. 1982 साली एकोणीस वर्षांचा होतो. जानेवारीत गिरणीचा संप सुरू झाला आणि वडील घरी बसले. दिवसभर चाळीच्या गॅलरीत, हात मांडीवर. माझे तेव्हाचे सर परळच्या मैदानावर दर दोन धावांमध्ये आम्हाला झाडाखाली बसवत, स्वतः चहा पीत. बुधवार-रविवार सुट्टी. मला तो माणूस आळशी वाटायचा. बाप रिकामा बसलेला आणि मी संध्याकाळी सहालाच घरी येऊन त्याच्यासमोर पाय पसरून बसायचं? जमेना. म्हणून मी सरांना न सांगता रात्री गिरगाव चौपाटीवर वाळूत पळायचो. पोटऱ्या पेटेपर्यंत. घामाने निथळत घरी गेलो की आई काही बोलायची नाही, पण ताटात एक भाकरी जास्त पडायची.

टायमिंग अडकलं. हातघड्याळावर 10.8, तेही मातीच्या ट्रॅकवर. दोन हंगाम तेच. दोष कुणाचा? अर्थात झाडाखाली चहा पिणाऱ्याचा. एका सोमवारी मी त्या मैदानावर जाणंच बंद केलं आणि दुसऱ्या सरांकडे लागलो. मग तिसऱ्या. सहा वर्षांत तीन कोच, आणि तिघांकडे मी चौपाटीची वाळू चोरून घेऊन गेलो. पहिल्यांनी जे लिहून दिलं होतं ते मी एक आठवडासुद्धा जसंच्या तसं केलं नव्हतं. हे मला कळलं तेव्हा मी सत्तावीसचा होतो, उजव्या मांडीमागची हॅमस्ट्रिंग दोनदा गेलेली, आणि स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी लागल्यामुळे स्पाइक्स माळ्यावर.

आता तू म्हणशील, काका, तुम्हाला तेव्हा कोण सांगणार होतं? बरोबर. पुस्तकं नव्हती, व्हिडिओ नव्हते, आणि ज्या घरात घामावरच माणसाची किंमत ठरते तिथल्या पोराला 'बसून राहा' हा सल्ला शिवीसारखा लागतो. मी मूर्ख होतो असं मला पूर्णपणे वाटत नाही. पण सरांना तोंडावर एकदा विचारायला काय जात होतं? "सर, हे बसवता कशाला?" एवढंच. तेवढं विचारलं असतं तर कदाचित... जाऊ दे.

तुझी गोष्टही तीच आहे. आई साडेतीनला उठून डबा करते. तू दीड तास लेडीज डब्यात उभी, ग्रँट रोडला उतरून पुढे बस. एवढं करून ट्रॅकवर पोचायचं आणि आठ-आठ मिनिटं नुसतं उभं राहायचं? आईचे कष्ट वाया घालवल्यासारखं वाटणारच. पण तो दीड तासही तुझ्या पायांनी खर्च केलाय, तो व्यायामाच्या वहीत लिहीत जा. पूर्ण विसावा, मगच पूर्ण वेग. त्या विसाव्यात झोपही आली, म्हणून पावणेबाराची चौकशी केली. आणि रक्त तपासून घे, नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. पाळी चुकत असेल तर ती 'सरावामुळे होतं' म्हणून सोडू नकोस, डॉक्टरला दाखव. यावर अधिक बोलायला मी योग्य माणूस नाही, तुझ्या मावशीशी बोल.

आता सरांचं. ते स्वतः चारशेचे धावपटू होते. दीडशेचे सहा, दोन मिनिटं विश्रांती, हे चारशेवाल्याला कामाचं आहे. आपण जे पळलो तेच आपण शिकवतो, मीही त्यातलाच. यात त्यांचा वाईट हेतू शोधू नकोस.

मैत्रिणी तुला बोल्टचं उदाहरण देतील. 2004 साली अथेन्समध्ये तो दोनशेच्या पहिल्याच फेरीत बाद झाला, त्यानंतर ग्लेन मिल्स या कोचकडे गेला. खरं आहे. पण शंभरचा पहिला विश्वविक्रम आला 2008 मध्ये. चार वर्षं. तू चार महिने तरी थांबशील? जमैकाच्या फ्रेझर-प्राइसने 2020 मध्ये कोच बदलला आणि पुढच्या वर्षी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, शंभर मीटर 10.60 मध्ये पळाली. तेही खरं. उलट पी. टी. उषा नंबियार सरांना धरून राहिली आणि 1984 मध्ये लॉस एंजेलिसला तिचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं. दोन्हीकडची उदाहरणं हवी तेवढी मिळतात, म्हणून त्यांच्यावरून काहीच ठरत नाही. ठरतं ते तुझ्या वहीवरून, आणि वही तुझ्याकडे नाही! दोन वर्षं पळतेस आणि स्टार्टच्या ब्लॉकपासूनचे तीस मीटर व फ्लाइंग तीस, म्हणजे आधीच वेगात येऊन मोजलेले तीस मीटर, यातलं नेमकं काय अडकलंय हे तुला सांगता येत नाही. स्टार्ट सुधारलाय आणि वरचा वेग तिथेच आहे, की उलट? हे माहीत नसताना नवा कोच काय करणार, पत्रिका बघणार?

सहा आठवडे लिही. रोज काय पळलीस, किती थांबलीस, किती झोपलीस, कुठली गाडी पकडलीस, बसायला मिळालं का. आणि सरांना विचार, "सर, आजचं हे कशासाठी?" सगळ्यांसमोर नको, बाजूला घेऊन. त्यांनी कारण सांगितलं, मग ते मला पटो न पटो, तर थांब आणि विसावा वाढवून माग. अपमान वाटून ओरडले, तर सोड. पण सोडताना त्यांच्यासमोर उभी राहून सांग. माझ्यासारखी सोमवारी गायब होऊ नकोस. ते सर पुढे मला दादरला प्लाझा थिएटरपाशी दिसले होते आणि मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो होतो. चाळिशीचा बाप्या!

माझ्याकडे ये, असं मी म्हणत नाहीये. तू म्हणशील काकांना चेली हवीय. थोडी हवीच असेल, पण ते कारण नाही.

मंगळवारी सकाळी साडेआठला मी पार्कात आहे. साठचे चार, मध्ये आठ मिनिटं, घड्याळ माझं. बसायला टॉवेल आण, रील्स बघायच्या नाहीत. सोमवारी सुट्टी, आईला तेवढ्या दिवशी झोपू दे. आणि मंगळवारचं आधी सरांना विचार. ते नको म्हणाले तर येऊ नकोस.

तुझा,
काका