माळरानात 'रान' कुठून आलं?

प्रश्न असा आहे : "एका माहितीपटाचं मराठी निवेदन लिहितोय. माळावर झाडं नसतात, मग 'माळरान' या शब्दात 'रान' कशाला? आणि 'माळरान नुसतं राखलं की कालांतराने त्याचं जंगल होतं' हे वाक्य चालेल का?"

आधी शब्द. रान म्हणजे झाडी असं धरून चाललात म्हणून घोटाळा झाला. रान आलं 'अरण्य'वरून, वाटेत प्राकृतात 'रण्ण' होऊन. अरण्याच्या मुळाशी 'अरण', म्हणजे परकं, लांबचं. गावाची वेस संपली की रान सुरू; तिथे साग उभे आहेत की कुसळं, याच्याशी शब्दाला देणंघेणं नाही. गुरं चरायच्या जागेला गायरान म्हणतो. शेतकरी 'रान वाफशावर आलंय' म्हणतो तेव्हा तर तो सरळ शेताबद्दल बोलत असतो. राहिला 'माळ'. मेघदूतात यक्ष ढगाला नांगरटीच्या वासाच्या 'माल' क्षेत्रावर चढून जायला सांगतो, तिथे टीकाकार 'उंचावरची जमीन' असा अर्थ देतात. आपला माळ तोच, असं मला वाटतं.

खरी गंमत 'जंगल' या शब्दात आहे. सुश्रुतसंहितेत जमिनीचे तीन प्रकार सांगितलेत : आनूप, जांगल आणि साधारण. आनूप म्हणजे नद्या-पाण्याचा, दाट झाडीचा ओला मुलूख. आणि जांगल? आकाशासारखा मोकळा, विरळ, खुरट्या, काटेरी झाडांचा, कमी पावसाचा, गरम वाऱ्याचा. साधारण म्हणजे दोन्हींची सरमिसळ. थोडक्यात, आज ज्याला आपण माळरान म्हणतो ते जुन्या अर्थाने अस्सल 'जांगल', आणि आज ज्याला घनदाट जंगल म्हणतो ते 'आनूप'च्या जवळचं! मनुस्मृती राजाला राहायला जांगल देश सुचवते, आणि जिथे काळवीट आपसूक वावरतं तो देश यज्ञाला योग्य मानते. काळवीट दाट झाडीत राहत नाही, त्याला उघडं गवत लागतं.

पुढे ओसाड, मग न राखलेलं, मग झाडोरा माजलेलं असं करत 'जंगल' दाट झाडीपर्यंत पोचलं. तरी जुनी सावली पुसली नाही. 1930च्या जंगल सत्याग्रहात पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी कायदा मोडला तो झाड तोडून नव्हे, राखीव जंगलातलं गवत कापून.

आता तुमचं वाक्य. ते चुकीचं नाही, चुकीच्या जागी आहे. सह्याद्रीत पडीक टाकलेली दळी, म्हणजे डोंगरउतारावरची शेती, बघा : आधी तण, मग करवंदीच्या जाळ्या, मग झाडं. पाऊस भरपूर, म्हणून हा क्रम पुढे सरकतो. याला पुस्तकी शब्द 'अनुक्रमण'. अमेरिकेचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी 1916 साली हा विचार नीट मांडला आणि प्रत्येक ठिकाणच्या हवामानानुसार त्याची एक शेवटची पायरी असते असं सांगितलं. पायऱ्या लोकांच्या लक्षात राहिल्या, हवामानाची अट विसरली गेली; मग गवत म्हणजे अर्धवट वाढलेलं जंगल, ही समजूत पक्की झाली.

दख्खनच्या पर्जन्यछायेत पाऊस जेमतेम 500 ते 700 मिलिमीटर, बेसॉल्टवर वीतभर माती, खाली मुरूम. तिथे कुसळी, मारवेल, पवन्या हेच मुख्य रहिवासी; बोर, हिवर, खैर अधूनमधून. चराई, वणवा आणि कोरडा काळ मिळून हा मेळ टिकवतात. गवताचं राज्य काही काल-परवाचं नाही : हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक थरांमधल्या जुन्या मातीत ते सुमारे 70 ते 80 लाख वर्षांपूर्वी पसरल्याची खूण सापडते. माणसाने कुऱ्हाड हातात घेण्याच्या कितीतरी आधी.

बदल माळावरही होतातच. चराई अती झाली तर चांगलं गवत जाऊन कुसळ तेवढं उरतं. चर खणून ग्लिरिसिडिया हे बाहेरून आणलेलं, झपाट्याने वाढणारं झाड लावलं तर सावली पडते, आणि लांब नजर टाकून शत्रू हेरणारा माळढोक तिथून निघून जातो. (नावातच माळ घेऊन फिरणारा पक्षी, त्याला झाडी देऊन काय उपयोग!) 'ओसाड माळावर नंदनवन फुलवलं' अशी बातमी वाचली की मी आधी तिथे पूर्वी काय होतं ते शोधतो.

आफ्रिकेसाठी 'सॅव्हाना' ठेवा, रशियाच्या स्टेपसाठी 'गवताळ प्रदेश' बरा. आपल्याकडच्या जागेला मात्र माळरानच म्हणा. पडद्यावर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारखा माळ दिसत असेल तर ते वाक्य काढून टाका. कोकणातली सोडून दिलेली शेती असेल तर ठेवा, फक्त 'माळरान'च्या जागी 'पडीक रान' लिहा.