कुलूप लागलंय हे ठाऊक असूनही

प्रश्न : माझे यजमान घराबाहेर पडताना कुलूप सात-आठ वेळा ओढून बघतात. कधी न्यायमंदिरापर्यंत जाऊन माघारी येतात. "लागलंय हे कळतंय गं," असं स्वतःच म्हणतात! मी "हो, लागलंय" म्हटलं की तेवढ्यापुरतं शांत होतात. काय करावं?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : हे ओसीडीचं लक्षण दिसतं : नको असलेली शंका मनात येत राहते आणि तिच्यापायी तीच कृती पुन्हापुन्हा करावीशी वाटते, असा हा आजार. त्यांना कळतंच आहे, म्हणून तर समजावून उपयोग होत नाही. एखादं काम हेतू मनात धरून करताना मेंदूचा पुढचा भाग आणि आत खोलवरचा कॉडेट नावाचा भाग यांचा मोठा वाटा असतो. तेच काम घोटून अंगवळणी पडलं की भार त्याच्या शेजारच्या पुटामेन या भागाकडे सरकतो आणि 'आता याची गरज आहे का' हा विचार न होताच हात चालतो.

केंब्रिजमधल्या क्लेअर गिलन आणि ट्रेव्हर रॉबिन्स यांच्या गटाचा २०१४ सालचा प्रयोग इथे बोलका आहे. मनगटाला विजेचा झटका बसणार, वेळेवर पायाखालचं पेडल दाबलं तर टळणार. भरपूर सरावानंतर एका मनगटाची तार काढून टाकली. झटका आता बसणार नाही हे माहीत असूनही ओसीडी असलेली माणसं त्या बाजूचं पेडल इतरांपेक्षा जास्त दाबत राहिली. म्हणजे कधीकधी कृती आधी होते आणि भीतीचं कारण मागून जोडलं जातं. अर्थात सवय हा आजाराचा एक पदर. शंका आणि चिंता खऱ्याच असतात.

म्हणून उपचार कृतीवर. त्याला ईआरपी म्हणतात : भीतीला सामोरं जायचं, पण विधी, म्हणजे ती पुन्हापुन्हाची कृती, करायचा नाही. प्रसंगांना ० ते १०० असे अस्वस्थतेचे गुण द्या आणि ३०-४० वाल्यापासून सुरुवात करा. उदाहरणार्थ, तुम्ही घरात असताना त्यांनी दार एकदाच ओढून जिना उतरायचा. घालमेल निम्म्यावर येईपर्यंत माघारी फिरायचं नाही. हे रोज करायचं. एक पायरी सोपी झाली की पुढची.

बिघडतं ते पळवाटांनी. कुलपाचा मोबाइलवर फोटो काढणं, मनातल्या मनात उजळणी, "आज दोनदाच बघतो" असा सौदा, हे सगळे विधीच. आणि तुमचं "हो, लागलंय" हाही त्यातलाच भाग! ते एकदम तोडू नका. आधी दोघांनी ठरवा, मग म्हणा, "याचं उत्तर मी देणार नाही, पण सोबत थांबते." चिडून किंवा जबरदस्तीने हात धरणं नको.

सोबत गोळ्या लागू शकतात. सर्ट्रालिनसारख्या औषधांचा डोस यात बहुधा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि गुण यायला ८ ते १२ आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात "फरक नाही" म्हणून अनेकजण सोडून देतात, तिथेच फसतं. कारेलीबागेतल्या सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयात दाखवता येईल; टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे.

प्रश्न : मुलगी अभ्यास करताना केस उपटते. तेही हेच का?
– एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : जवळचं, पण वेगळं. यात ॲझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडलेली सवय-पालट पद्धत चालते. आठवडाभर वेळ, जागा, कोणता हात हे वहीत टिपा. हात केसांकडे निघाला की तिने मूठ मिनिटभर घट्ट आवळून धरायची. सुरुवातीला केस हातात आल्यावरच लक्षात येईल; तेव्हाही मूठ आवळायचीच. तोडलेले केस ती गिळत असेल, तर मात्र डॉक्टरांकडे आधी जा. पोटात गोळा होऊन अडतो.