ऑडॅसिटीमध्ये (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर) गाण्यातला फक्त गायिकेचा आवाज वेगळा काढून सेव्ह कसा करायचा?

"कराओके करतात त्याच्या उलट केलं की आवाज निघत असेल ना," असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. कराओके म्हणजे गाण्यातला आवाज काढून नुसतं संगीत ठेवणं. त्याच्या उलट केलं तरी आवाज नाही निघत. याच वाक्यावरून माझं आणि माझ्या मामेभावाचं कैक वर्षं वाजलेलं आहे, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

आमच्या मंडळाचं गणपतीचं एक गाणं आहे, माझ्या ताईनं गायलेलं. २०१४ साली सोलापुरात पूर्व भागात, एका ओळखीच्या माणसाच्या घरातल्या स्टुडिओत रेकॉर्ड केलं होतं. २०१८ला मिरवणुकीत लेझमाच्या डावाला ते गाणं घ्यायचं ठरलं, पण कीबोर्डची ढोलकी नको, आमच्या पोरांची हलगी पाहिजे. म्हणजे ताईचा नुसता आवाज हवा. स्टुडिओवाल्याची हार्ड डिस्क गेलेली. ताई पुण्यात, दिवस भरत आलेले, परत गायला बोलावण्याचा प्रश्नच नव्हता.

हा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, साउंड सिस्टिमच्या धंद्यातला, त्यामुळे घरात या बाबतीत त्याचाच शब्द चालतो. तो म्हणाला, स्टिरिओ ट्रॅक डावा-उजवा असा फोड, एक बाजू इन्व्हर्ट कर (म्हणजे आवाजाची लाट वरची खाली, खालची वर कर), दोन्ही मिसळ, आवाज जातो आणि संगीत उरतं. इथपर्यंत बरोबर आहे. गाणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा डावी-उजवीकडे सारखाच दिलेला असतो, तो एकमेकांत कटतो. पुढे म्हणाला, "आता हे उरलेलं संगीत उलटं करून मूळ गाण्यात टाक. संगीत कटेल, ताई राहील."

ऐकायला एकदम पटतं. तीन रात्री मी हेच करत बसलो. दर वेळी ताईबरोबर ढोलकीही तशीच. चौथ्या दिवशी वर्गणीच्या पावतीमागं मांडून बघितलं. कराओके म्हणजे डावं वजा उजवं. डाव्यातून ते वजा केलं तर डावं वजा डावं, अधिक उजवं. उरलं काय? उजवं! जे फाइलमध्ये आधीपासून होतंच. दादाला पावती दाखवली तर म्हणे, "तुझा कॉम्प्युटर जुना आहे की बे."

मग आईच्या ट्रंकेत एक सीडी सापडली. ताईनं हुतात्मा स्मृती मंदिरात स्टेजवर गाताना मागं लावलेलं नुसतं संगीत, त्याच स्टुडिओचं, ज्यावर गाणं चढवलं होतं तेच. गाणं वरच्या ट्रॅकवर आणि संगीत खालच्या ट्रॅकवर घेतलं. लाटेचे ठिपके दिसेपर्यंत झूम केलं आणि कीबोर्डच्या पहिल्या ठोक्यावर दोन्ही जुळवले. कॉम्प्युटर आवाज अशा ठिपक्यांत साठवतो, सीडीवर सेकंदाला ४४,१०० असतात. एक-दोन जरी सरकले तरी झांजांची सळसळ मागं राहते. दोन तास गेले. मग खालचा ट्रॅक इन्व्हर्ट केला आणि प्ले दाबलं.

संगीत गेलं होतं. ताई एकटी गात होती. कडवं उचलायच्या आधी तिनं घेतलेला श्वास, हात हलवला की बांगड्या, आणि तिच्या मागं, लांबून, एकसारखं खटाक-खटाक. शेजारच्या घरातला यंत्रमाग! तो माइकमधून तिच्या आवाजाबरोबर आत आला होता आणि चार वर्षं ढोलकीखाली दबून राहिला होता. आईनं लगेच ओळखलं, "माग चालू असतानाच गायला लावलं की रे पोरीला."

दादानं ऐकलं आणि म्हणाला, "मी तरी दुसरं काय सांगत होतो?" नाही दादा. तू गाण्यातूनच काढलेलं संगीत गाण्यातून वजा करायला सांगत होतास. मी बाहेरून आणलेलं संगीत वजा केलं. या दोन गोष्टी एक नाहीत.

आता तुमचं. संगीताची वेगळी फाइल नसेल तर ऑडॅसिटीच्या इफेक्ट मेनूत व्होकल रिडक्शन अँड आयसोलेशन आहे, त्यात आयसोलेट व्होकल्स निवडा. ते मधोमध असलेलं ठेवतं, म्हणून बेसचा काही भाग आणि ढोलकीही बऱ्याचदा आवाजासोबत येतात. जुन्या मोनो गाण्यावर त्याचा काही उपयोग नाही, दोन्ही बाजू सारख्याच. सिनेमाच्या गाण्यासाठी मी म्हणेन यात वेळ घालवूच नका. डीमक्स किंवा अल्टिमेट व्होकल रिमूव्हर ही आवाज वेगळा काढणारी सॉफ्टवेअर वापरा, दोन्ही फुकट आहेत. ती पुष्कळ गाण्यांवरून माणसाचा आवाज ओळखायला शिकलेली आहेत. कधीकधी आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो, तेवढं चालवून घ्या. सेव्ह करताना नको असलेले ट्रॅक म्यूट करा, म्यूट केलेलं फाइलमध्ये जात नाही (माझ्या पद्धतीत मात्र गाणं आणि इन्व्हर्ट केलेलं संगीत दोन्ही चालूच ठेवा), आणि एक्स्पोर्ट वेव्ह (.wav) फाइलमध्येच करा.

एक राहिलं. माझी पद्धत एमपीथ्रीवर नीट चालत नाही. दोन्ही फाइली वेगवेगळ्या दाबल्या जातात, मग वजा केल्यावर खरखर उरते. गाण्यावर शेवटी लिमिटर (मोठा आवाज दाबून धरणारा इफेक्ट) वगैरे लावलेला असेल तरी संगीत पूर्ण कटत नाही. आमच्या स्टुडिओवाल्यानं काहीच लावलं नव्हतं, म्हणून जमलं. आणि गाणं दुसऱ्याचं असेल तर कुठं वापरायच्या आधी परवानगी घ्या.

त्या गाण्याचं नुसतं संगीत कुठं मिळतंय का ते आधी शोधा. दोन्ही वेव्ह फाइली हाती आल्या तर मला कळवा, जुळवायचं काम मी करून देतो.