अमेरिकेतल्या छोट्या गावातल्या एपिस्कोपल (अँग्लिकन परंपरेतल्या) चर्चचं स्थापनावर्ष कोणतं धरायचं?

कोनशिलेवरचं साल आणि बिशपने केलेल्या समर्पणविधीचं साल जुळत नसेल, तर दोन्ही बाजूला ठेवा आणि पॅरिश, म्हणजे त्या चर्चची स्थानिक सभासदमंडळी, रीतसर संघटित झाली ती तारीख धरा. त्या दिवशी सभासद जमून दोन वॉर्डन (मुख्य पदाधिकारी) आणि वेस्ट्री, म्हणजे कारभारी मंडळ, निवडतात; कायद्याच्या दृष्टीने चर्च तिथून सुरू होतं. बऱ्याच गावांत त्याआधी कित्येक वर्षं फिरता मिशनरी कोर्टात, शाळेत नाहीतर कुणाच्या घरी उपासना घेत असे. समर्पणविधी मात्र उशिरा होई, कारण इमारत आणि जागा यांचे पैसे फिटल्याशिवाय तो करता येत नसे, असा या चर्चचा जुना नियम होता. त्यामुळे कोनशिला आणि समर्पण यांत मोठं अंतर दिसलं, तर आधी कर्जाचा संशय घ्या; भांडणाच्या दंतकथा नंतर. क्रम उलटाही असतो: न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनच्या क्राइस्ट चर्चची इमारत 1810 मध्ये समर्पित झाली आणि पॅरिश संघटित झाली 1811 मध्ये. पडताळणीसाठी वेस्ट्रीच्या सभांची वही आणि डायोसिसच्या (बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाच्या) वार्षिक अधिवेशनाचे छापील अहवाल पाहा. त्यांत बाप्तिस्मे, दृढीकरणं, लग्नं आणि वर्गणी यांचे आकडे पॅरिशवार असतात. स्मरणिकांवर फार विसंबू नका, त्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात.

वसाहतकाळातल्या चर्चला हा हिशोब लागत नाही: पहिले अमेरिकन बिशप सॅम्युएल सीबरी यांची बिशपपदाची दीक्षाच 1784 ची, तीही स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला, त्याआधी अमेरिकेत समर्पण करायला बिशपच नव्हता.